चिंचवहाळची पालथी डोणी

चिंचवहाळच्या प्रसूती केंद्राच्या पडवीत काळ्या दगडाची एक लांबट डोणी पालथी पडलेली आहे. गुरांना पाणी पाजायला असते तशीच. पण हिच्यात कुणी कधी पाणी भरल्याचं ऐकिवात नाही. बांधकामाच्या वेळी ती हलवायला गेलेले गवंडी हात टेकून परतले आणि शेवटी पडवीच तिच्याभोवती उभी राहिली, असे सांगतात.

बाळंतपणाच्या तिसऱ्या दुपारी शलाका त्या डोणीवर येऊन बसली, ती काही दगड पाहायला नव्हे. आत लेकीचं रडणं चारी भिंतींवर आदळून दुप्पट होत होतं. शलाका शाळेत विज्ञान शिकवायची. स्तनपानावरची दोन पुस्तकं तिने खुणा करून वाचली होती, वहीत वेळा टिपल्या होत्या: डावीकडे सात मिनिटं, उजवीकडे नुसतं रडणं. लेकीने मात्र एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं.

सासूबाई प्रमिलाबाई पावडरीचा डबा मांडीवर घेऊन समोर बसल्या होत्या. "अगं, पोर उपाशी आहे. सिस्टरला काय जातंय वजन ठीक आहे म्हणायला! चार वाजले की मी हा डबा फोडणार."

चाराला वीस मिनिटं होती.

केंद्रातली जुनी आया तुळसाबाई लंगोट वाळत घालत होती. ती तिथूनच म्हणाली, "ताई, डबा घेऊन त्या डोणीपुढं बसू नये. तिला राग येतो." आणि मग कुणी न विचारताच तिने सांगायला घेतलं.

पूर्वी म्हणे ही डोणी उताणी होती. बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, बाळाला बाधतं अशी गावाची समजूत. तो तीन दिवस पिळून डोणीत टाकायचा, देवीला वाहायचा; बाळाला मधाचं बोट. डोणी चिकाने भरायची आणि पाळणे रिकामे व्हायचे. येसाई नावाच्या सुनेची दोन मुलं अशीच गेली. तिसऱ्या खेपेला ती ओली बाळंतीण उठली, डोणीपाशी आली आणि चार गड्यांना न हलणारा दगड तिने एकटीने पालथा घातला.

"तरफ लावली असेल," शलाकाच्या तोंडून निघून गेलं.

"पहार होती, असंही काही जण म्हणतात," तुळसाबाई शांतपणे म्हणाली.

येसाई डोणीवर बसली, पण अंगाला कापरं भरलेलं. बाळ काही छातीला लागेना. गाव भोवती जमून शिव्याशाप देत होतं. तेवढ्यात तिची सासू कोंडाई गर्दीतून पुढे आली. आता ही सुनेला ओढून नेणार, असंच सगळ्यांना वाटलं. ती सुनेच्या मागे बसली आणि तिने पाठीला पाठ लावली. एवढंच म्हणाली, "माझे चार याच डोणीत गेले." मग गप्प झाली. कापरं थांबलं आणि बाळ लागलं. तेव्हापासून गावाने रीत धरली: बाळंतिणीला पाठ द्यायची आणि पाठ देणारीने तोंड उघडायचं नाही.

लंगोटांवरून पाणी ठिबकत होतं. मग प्रमिलाबाईंनी डबा खाली ठेवला, पदर सावरला आणि त्या डोणीच्या पलीकडच्या कडेला बसल्या. शलाकाच्या पाठीला त्यांची पाठ टेकली.

तुळसाबाईने बाळ आणून दिलं. "तू वाकू नकोस, पोरी. तिला जवळ घे. पोटाला पोट. नाकासमोर धर, तोंड मोठं उघडू दे... आता!"

पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदाही. शलाका मनात मिनिटं मोजत होती, आणि आपली पाठ थरथरतेय याची तिला लाज वाटत होती. मग तिच्या लक्षात आलं की थरथर एकाच पाठीची नाही. मागून हुंदक्यासारखा एक श्वास आला, पण शब्द आला नाही. ती थोडी अजून मागे रेलली. त्या पाठीने भार घेतला.

तिसऱ्यांदा लेक लागली. ओढ, थांबणं, घोट. ओढ, थांबणं, घोट.

चार वाजून गेले. वही आत राहिली होती, म्हणून किती मिनिटं ते कुठेच नोंदलेलं नाही.

आजही चिंचवहाळात ती डोणी पालथीच आहे, आणि तिच्यावर बाळंतीण एकटी बसत नाही.