समोरचं हॉटेल

“सोय पाहावी की जागा पाहावी, आक्का?”

सोनटक्क्यांनी विचारलं आणि मोबाइल आक्कांच्या पुढ्यात धरला.

आक्का ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “कसली जागा?”

“हॉटेलची. हॅम्बुर्गला जातोय आम्ही. जर्मनीत.”

“बरं.”

दिगंबर सोनटक्के पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. गोदाकाठच्या या लहानशा मठात त्यांचं येणं-जाणं कालव्याच्या कामावर होते तेव्हापासूनचं. माणूस सरळ, पण ताठ. साहेबांनी एकदा नाही म्हटलं की मंत्र्यानं सांगितलं तरी त्याचं हो होत नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती ख्याती त्यांना स्वतःला फार आवडायची. ऐकायचे ते फक्त आक्कांचं.

आक्का काही मोठ्या महंत वगैरे नव्हत्या. ऐन तरुणपणी नवरा गेला, मठात आल्या, राहिल्या. आधीचे बुवा गेले आणि लोक आपसूक यांच्या पाया पडू लागले, झालं.

घरात महिनाभर हॉटेलवरून धुसफूस चाललेली. दोघांनीही आजवर परदेश पाहिलेला नाही, आणि साहेब रोज उठून नवं हॉटेल शोधतात. शेवटी त्यांच्या पत्नी नलिनीबाई म्हणाल्या, “पुरे आता. आक्कांनाच विचारू.” म्हणून दोघं सकाळच्या एसटीनं नाशिकहून आले होते. रात्री मुक्काम करून उद्या परत.

“हे एक स्टेशनजवळ आहे,” साहेब सांगू लागले. “लिफ्ट आहे. सकाळचा नाश्ता आहे. शाकाहारी मिळतं. राहून गेलेल्या लोकांनी नावाजलंय. आणि हे दुसरं... लहान आहे जरा. लिफ्ट नाही. लोक म्हणतात जिने अंधारे आहेत. वर महागही आहे.”

“मग पहिलं घे की.”

सोनटक्क्यांनी दुसऱ्या हॉटेलचं पान पुन्हा उघडलं.

“दुसऱ्यात असं काय आहे?”

“काही नाही. जागा बरी आहे.”

नलिनीबाईंनी सूप स्वतःकडे ओढलं आणि त्याही शेंगा सोलू लागल्या. “अहो, तिसरं सांगा की त्यांना.”

“तिसरं काय?”

“केतकीचं घर,” त्या आक्कांना म्हणाल्या. “लेक तिथेच राहते ना आमची. घरी या म्हणते. खोली आवरून ठेवलीये तिनं. पडदे नवे शिवलेत. बाबांना सकाळी लवकर उजेड चालत नाही म्हणून जाड कापडाचे.”

आक्कांनी केतकीला फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहिलेलं. पुढं तिनं दुसऱ्या जातीच्या मुलाशी पुण्यात कोर्टात जाऊन लग्न केलं आणि साहेबांनी तिचं नाव टाकलं, हेही त्यांना ठाऊक होतं. मागच्या दिवाळीत कुठे फोनवर बाप-लेकीचं चार शब्द बोलणं झालं होतं.

“मग तिच्याकडेच राहा,” आक्का म्हणाल्या.

“त्या मुलाला कशाला अडचण?”

“त्यानं म्हटलं का तसं?”

“नाही. पण तिकडे घरं लहान असतात.”

“खोली आवरलीये म्हणते ना?”

“खाण्यापिण्याचं माझं तुम्हाला ठाऊक आहे, आक्का.”

“नलिनी आहे की करायला.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“आणि शिवाय रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न घेऊ नये. आमच्यात पाळतात.”

नलिनीबाईंचा हात शेंगेवरच थांबला. साहेबांनी एखादी रीत पाळलेली त्यांच्या उभ्या संसारात त्यांनी पाहिली नव्हती. सासऱ्यांच्या श्राद्धाच्या दिवशीसुद्धा हा माणूस दौऱ्यावर असायचा. त्यांनी पुढची शेंग उचलली.

“रीत असेल तर पाळावी,” आक्का म्हणाल्या.

त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकवत आत गेल्या आणि एक किल्ली घेऊन आल्या.

“घे. आज तू मागच्या खोलीत उतर.”

मागची खोली म्हणजे मठात कुणी अनोळखी यात्रेकरू आले तर त्यांच्यासाठी बांधलेली. सोनटक्के तिथे कधीच झोपले नव्हते. त्यांचं अंथरूण ओसरीवर, आणि जेवण आक्कांच्या चुलीपुढं. ही वहिवाट इतकी जुनी की त्यांची वळकटीही आक्कांच्याच माळ्यावर असायची.

साहेब हसले. आक्का हसल्या नाहीत.

“पंखा आहे तिथे. संडास आतच आहे. ताट मी तिकडे पाठवते.”

“तिकडे? मी चुलीपुढं बसतो ना, आक्का.”

“तिकडे सोय चांगली आहे.”

“माझं काही चुकलं का?”

“छे रे. उगाच कशाला कुणाला अडचण?”

सोनटक्के किल्ली हातात घेऊन उभे राहिले. हक्काची बढती डावलून हाताखालच्या माणसाला खुर्ची दिली होती तेव्हाही त्यांना एवढं लागलं नव्हतं. पासष्टी उलटलेला माणूस, पण बोलताना आवाज चिरकला.

“आक्का... मी परका आहे का?”

आक्का पुन्हा खाली बसल्या. सूप पुढ्यात घेतलं. चार शेंगा सोलल्या.

“माझे वडील एकदाच आले होते माझ्या सासरी,” त्या म्हणाल्या. “वेशीवरच्या देवळात उतरले. मला निरोप आला. मी धावत पिठलं-भाकरी करून नेली. स्वयंपाक नुकता कुठे जमायला लागला होता... ते म्हणाले, बाळ, रीत आहे.”

“मग?”

“मग काय. भाकरी घरी परत आणली.”

“आणि ते?”

“गेले. त्याच पावसाळ्यात वारले.”

...

“रागावले नव्हते रे. जीव होता त्यांचा माझ्यावर. पण ती भाकरी फडक्यात तशीच परत आणताना मला जे वाटलं...” आक्कांनी वाक्य तिथेच सोडलं. मग साध्या आवाजात म्हणाल्या, “त्यांनी कन्यादान केलं होतं. ज्या घरी लेक दिली तिथलं खायचं नाही, म्हणून नाही जेवले. तू केलंस का केतकीचं?”

सोनटक्क्यांनी किल्ली मुठीत आवळली.

“कुणीच केलं नाही,” नलिनीबाई म्हणाल्या. “तिच्या मैत्रिणींनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. आपलं म्हणावं असं एक माणूस नव्हतं तिथे.”

“तू कुठे होतास त्या दिवशी?” आक्कांनी विचारलं.

“साइटवर. कालव्याच्या दरवाजांची पाहणी होती.”

“पाहणी नव्हती,” नलिनीबाई म्हणाल्या. “तुमच्या ऑफिसातून फोन आला होता दुपारी, साहेब आज रजेवर आहेत, घरी आहेत का म्हणून. मी तुम्हाला कधी विचारलं नाही.”

नदीवरून वारा आला. शेंगांची सालं ओसरीभर पसरली. ती गोळा करायला कुणी उठलं नाही.

“निघालो होतो मी,” सोनटक्के म्हणाले.

“कुठे?”

“पुण्याला. लग्नाला... सिन्नर ओलांडलं. मग गाडी बाजूला घेतली. म्हटलं, आता गेलो तर लोक म्हणतील, साहेब नमले. बसून राहिलो. लग्नाची वेळ टळून गेली तसा परत फिरलो.”

नलिनीबाई नवऱ्याकडे पाहतच राहिल्या. संसार झाला, पिकला, आणि ही गोष्ट त्या आज ऐकत होत्या.

“आणि आदल्या रात्री मला काय म्हणालात? गेलीस तर या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.” त्यांचा आवाज चढला नाही. “मी ऐकलं तुमचं. पोटची पोर तिथे एकटी उभी, आणि मी घरात भांडी घासत बसले. तुम्हाला बोलून काय उपयोग? मला कुणी दोरीनं बांधलं नव्हतं. जायला हवं होतं मी.”

साहेबांनी मान खाली घातली. चूक कबूल करायची सवय नसलेल्या माणसाला कसं बसावं तेही कळत नाही. ते एकदा पायरीवर टेकले, उठले, पुन्हा टेकले.

आक्कांनी त्यांना तसंच बसू दिलं. मग हलकेच विचारलं, “दुसऱ्या हॉटेलात काय आहे, दिगंबर?”

या वेळी त्यांनी मोबाइल स्वतःहून पुढे केला. बोट लावून चित्र मोठं केलं. परदेशातला एक रस्ता. दोन्ही बाजूंना जुन्या चार मजली इमारती, खाली सायकली टेकवलेल्या, एक हिरवं दार.

“हे तिचं घर. नकाशात रस्त्याचे फोटो असतात, त्यात दिसतं. ते हॉटेल याच्या बरोबर समोर आहे. तिसऱ्या मजल्यावरची, रस्त्याकडची खोली मिळाली, तर खिडकीतून हे दार दिसतं.”

“म्हणून अंधारे जिने चढायचे?”

“हो.”

“आधीपासून बघतोस हा फोटो?”

“रोज.” ते थांबले. “आधी सायकली नव्हत्या यात. नंतरच्या फोटोत आल्या. एक तिची असेल... दाराजवळ बेल आहे, तिच्यावर नावं लिहिलेली असतात. पण ती पुसट करून टाकतात यात. कितीही मोठं केलं तरी वाचता येत नाहीत.”

“सोनटक्के लिहिलंय,” नलिनीबाई म्हणाल्या.

साहेबांनी वर पाहिलं.

“तिचं वर, त्याचं खाली. मला व्हिडिओवर दाखवलं तिनं. तुम्हाला सांगणार होते, पण तिचं नाव काढलं की तुम्ही खोलीतून उठून जायचात.”

सोनटक्क्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरला. खांदे हलत होते. नलिनीबाई सरकून शेजारी बसल्या, पण त्यांनी हात लावला नाही. अजून तेवढं मन वळलं नव्हतं त्यांचं.

...

“भीती वाटते, आक्का,” रुमालाआडून ते म्हणाले. “तिनं दार उघडलं की मी काय बोलायचं? आणि नाहीच जमलं बोलायला तर? हॉटेल असलं म्हणजे... उठून येता येतं.”

“सिन्नरसारखं.”

“हो.”

आक्कांनी हात पुढे केला. साहेबांना आधी कळलं नाही. मग त्यांनी मुठीतली किल्ली आक्कांच्या तळव्यावर ठेवली. इतका वेळ घट्ट धरल्यामुळे तिचा वळ हातावर उमटला होता. आक्का उठल्या, किल्ली आतल्या खिळ्याला अडकवून आल्या आणि चुलीत काटक्या सारायला बसल्या.

दोघं त्यांच्या मागोमाग आत गेले. नलिनीबाईंनी परात ओढली आणि पीठ मळायला घेतलं. साहेब आपल्या जागी भिंतीला टेकून बसले. धूर डोळ्यांत जात होता, त्यामुळे रडणं कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

मग ते चुलीकडे सरकले.

“आक्का, एक विचारू?”

“विचार.”

“आता जाऊन देता येईल का तिला? इतक्या वर्षांनी... तिचा हात धरून, चार माणसांसमोर, जावयाच्या हातात? उशीर झालाय, मला ठाऊक आहे. पण केलं तर चालेल का?”

नलिनीबाईंचे हात पिठात तसेच राहिले.

आक्कांनी भाकरी तव्यावर टाकली. तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला.

“चालेल की,” त्या म्हणाल्या. “पण आधी तिच्या घरी पोटभर जेवून घे. एकदा दिलीस, की मग रीत लागेल.”