विणकरणीचे लंघन

लंघन म्हणजे शरीर हलके व्हावे म्हणून वैद्याच्या देखरेखीखाली, ठरावीक काळापुरते अन्न कमी करणे. देखरेख नसेल, तर त्याला उपासमार म्हणावे. हा भेद या कथेतील वैद्य आपल्या शिष्यांना नित्य शिकवीत असे.

तेथील राजांची नावेही आता कोणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळी एका डोंगराळ राज्यात तो राहत होता. स्थूलतेवर एक रानवनस्पती गुणकारी असावी, असे त्याला वाटे. स्थूल राजाही त्या औषधाची वाट पाहत होता. परीक्षेसाठी गावातील एक विणकरीण आपणहून पुढे आली. तिच्या मुलीला वैद्याने एकदा तापातून वाचवले होते.

"माझ्यात दोन बायका मावतात, वैद्यबुवा," ती हसत म्हणाली. "एक गेली तरी माग चालेल."

"जेवण मात्र नेहमीचंच ठेवा, बाई. नाहीतर गुण कशाचा, ते कळायचं नाही."

दर पौर्णिमेला तो तिला गुळाच्या लहान ढेपांशी तोलत असे. तोललेला गूळ प्रथेप्रमाणे गावात वाटला जाई. पहिल्या पौर्णिमेला वजन तसूभरही उतरले नाही. वैद्याचा पडलेला चेहरा विणकरणीने पाहिला.

दुसऱ्या पौर्णिमेला एक ढेप कमी लागली. तिसऱ्या पौर्णिमेला तीन.

"अगं, आमचा गूळ पळवतेस की काय?" शेजारीण म्हणाली.

"जेवण नेहमीचंच ना?" काट्यावरची नजर न काढता वैद्याने विचारले.

"नेहमीचंच."

तिचे ओठ सुकले होते, हात कापत होते. वैद्याने ढेपा पुन्हा मोजल्या आणि राजाला आनंदाचा निरोप धाडला.

चौथ्या पौर्णिमेपूर्वी ती मागावरच कोसळली. वैद्य धावत आला, तेव्हा तिची चूल थंड होती.

"किती दिवस जेवला नाहीत?"

"तुमचं औषध खोटं पडू नये, एवढंच वाटलं," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या तोंडाकडे पाहवलं नाही."

ती वाचली नाही. वैद्याने राजाला कळवले, की वनस्पतीत गुण नाही आणि परीक्षेतील दोष माझा आहे. मग तिच्या मुलीच्या सासरी तो स्वतः चालत गेला.

तात्पर्य : मनाजोगे उत्तर मिळाले, की ते देणाऱ्याने काय सोसले, हे आधी पाहावे.

ही कथा सांगताना विणकरणीने वैद्याला फसवले, असे म्हणण्याची रीत पडली आहे. ती चूक आहे. तिने एकच शब्द खोटा उच्चारला. तिच्या सुकलेल्या ओठांनी काहीही लपवले नव्हते.