म्हाळसाक्काचं मुसळ

खिंडीतून अजून बैलगाडीसुद्धा जात नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. खिंडीखालच्या धारेवाडीत सुभाना वस्तादांची तालीम होती. तिथं चाळीस पोरं लाठी शिकायची. चाळीस लाठ्या एकदम फिरल्या की त्या वाऱ्यानं देवळातला दिवा विझायचा, असं म्हणतात.

तालमीचे नियम दोन. लाठी उचलण्याआधी वाकून मातीला हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा. आणि मारणाऱ्यानं घाव कुठं येतोय ते आधी ओरडून सांगायचं. "डोकं" म्हटलं की समोरच्यानं लाठी आडवी धरायची, "कंबर" म्हटलं की उभी, "घोटा" म्हटलं की उडी मारायची. वस्तादांच्या वस्तादांनी हे नियम घालून दिले होते, म्हणून ते बरोबरच असणार. गावात कुणी कधी विचारलं नाही.

विचारलं ते वस्तादांच्या लेकीनं. तिचं नाव म्हाळसा. मुलींना तालमीत पाय ठेवायची बंदी होती. म्हणून ती पडक्या भिंतीपलीकडे उखळात भात कांडायची आणि कांडता कांडता सगळं बघायची. एकदा वस्ताद जेवायला बसले असताना ती म्हणाली,

"आबा, मारनारा आदी सांगून मारतोय व्हय?"

"तालमीचा कायदा हाय त्यो."

"घाटावरच्या लुटारूंना ठावं हाय का तुमचा कायदा?"

तिचा थोरला भाऊ रामोजी हसला. चाळिसांत पहिला होता तो. "म्हाळे, तू तुझं मुसळ सांभाळ. लुटारूंचं मी बघतो."

वस्तादही हसले. म्हणाले, "भाकरी वाढ."

पेरणी चार दिवसांवर आली होती आणि लुटारू आले. भर दुपारी, आठ घोडे घेऊन. त्यांना गावचे बैल हवे होते. बैल गेले तर पेरणी गेली, आणि पेरणी गेली की वर्षभर चुली थंड. चाळीस पोरं धावत वेशीत आली आणि शिकवल्याप्रमाणे रांग धरून उभी राहिली. रामोजी सगळ्यांत पुढं. लुटारूंचा नायक पांढऱ्या घोड्यावरून उतरला. त्याच्या हातात बाभळीचा दांडा होता. दांडा माणसाच्या मांडीएवढा जाड होता, असं म्हणतात.

रामोजी वाकला. त्यानं मातीला हात लावला. तो हात कपाळापर्यंत गेलाच नाही. नायकानं वाकलेल्या मानेवर दांडा घातला.

रामोजी पुन्हा उठला नाही.

एकोणचाळीस लाठ्या होत्या तिथंच थांबल्या. पोरं वाट बघत होती. कुणीतरी घाव सांगेल, मग आपण अडवू. पण कुणी काही सांगत नव्हतं, नुसतं मारत होतं. आणखी तिघं पडले, तरी बाकीच्यांचे पाय शिकवलेल्या जागेवरून हलले नाहीत. सुभाना वस्ताद रांगेच्या टोकाला उभे होते. ते एवढंच पुटपुटत राहिले, "सांगितलं न्हाई. त्यानं सांगितलंच न्हाई."

म्हाळसा उखळापासून उठून आली. मुसळ हातात होतंच. ती वाकली नाही, ओरडली नाही. लुटारूंनी वेशीत हाकून आणलेल्या बैलांच्या आडून चालत आली आणि नायकाच्या गुडघ्यावर मुसळ घातलं. तो आवाज खिंडीपलीकडच्या तीन गावांत ऐकू गेला आणि पांढरा घोडा आपोआप खाली बसला, असं म्हणतात.

मग ती पोरांकडे वळली. "बघत काय ऱ्हायलाय? मारा की."

आणि पोरांनी मारलं. इतक्या वर्षांत हात तयारच झाले होते, फक्त दुसऱ्याच्या शब्दाला बांधलेले होते. त्या दिवशी एकही बैल वेशीबाहेर गेला नाही.

पण डोळ्यांदेखत काय झालं तेच तीन दिवस गावाला कळत नव्हतं. चौथ्या दिवशी जाणती माणसं पारावर जमली. त्यांत थोरले मानाजीकाका म्हणाले, "रामोजीचं नशीब. कायदा चुकीचा न्हाई."

"नशीब न्हवं, काका," म्हाळसा म्हणाली. "मान वाकल्याली हुती."

सुभाना वस्ताद उठले. त्यांनी आपली लाठी लेकीच्या हातात दिली आणि दुसरी स्वतः घेतली. "म्हाळसे, मला शिकव," असं म्हणू लागले. शेवटचा शब्द तोंडात होता तेवढ्यात तिनं त्यांच्या खांद्यावर लाठी घातली. वस्ताद मातीत बसले आणि रामोजी गेल्यापासून पहिल्यांदा रडले. त्यानंतर पन्नास वर्षं तालीम म्हाळसाक्कानं चालवली. तिच्या मुसळाला कधी वाळवी लागली नाही, असं म्हणतात.

धारेवाडीत आजही नागपंचमीला लाठीचा खेळ होतो. खेळाआधी कुणी मातीला हात लावत नाही. खेळ संपल्यावर, लाठ्या ठेवून झाल्यावर वाकतात. त्या दिवशी गावातल्या बाया मुसळांना चिंध्या गुंडाळून हिंडतात आणि तालमीतल्या कुणालाही, वस्तादालासुद्धा, न सांगता हाणतात. ज्याला लागतं, त्यानं म्हाळसाक्काच्या उखळात दिवसभर भात कांडायचा.

आणि वेशीत रामोजी जिथं वाकला, तिथं आल्यावर पाठीला बाक आलेले म्हातारेसुद्धा काठीवर जोर देऊन सरळ होतात, समोर नीट बघतात आणि मगच पुढं जातात.