डोल्करची शेवटची शर्यत

एका गावात एक तळं होतं. गाव डोंगरात इतकं उंचावर, की हिवाळ्यात ते तळं गोठून फरशीसारखं टणक व्हायचं. मग गावकरी बुटांना लोखंडी पाती बांधून त्यावर शर्यती लावायचे. साध्यासुध्या नव्हेत, चांगल्या दम काढणाऱ्या पंचवीस फेऱ्यांच्या! त्यात डोल्करचा हात धरणारं कोणी नव्हतं. परकर सावरत पळायची तेव्हापासून ती जिंकत होती, आणि केस पिकायला लागले तरी जिंकतच होती. गावात इतक्या लेकींची नावं डोल्कर ठेवली होती, की एक हाक मारली तर चारजणी ओ द्यायच्या.

शर्यतीत एका वेळी दोघी पळायच्या, एक आतल्या वाटेने, एक बाहेरच्या. दर फेरीला वाटा बदलायच्या, म्हणजे अंतर सारखं पडतं. बदलताना दोघी एकदमच आल्या, तर बाहेरून येणारीने आधी जायचं, कारण ती लांबून आलेली असते.

त्या वर्षी डोल्करचे गुडघे कुरकुरू लागले. "ही माझी शेवटची शर्यत. जिंकूनच पाती उतरवणार," तिने जाहीर केलं. तिच्याबरोबर पळायला आली शेजारच्या खोऱ्यातली अंगमो, विशीतली पोर.

शेवटच्या फेरीपर्यंत दोघी बरोबरीने आल्या. वाटा बदलायच्या जागीही एकदमच पोचल्या. डोल्कर आतून, अंगमो बाहेरून. हक्क अंगमोचा होता. पण शेजारी साक्षात डोल्कर पाहून ती बिचकली आणि तिने वेग कमी केला. डोल्करने आता नुसतं पुढे जायचं होतं.

ती गेली नाही. अंग ताठ करून तिने वेग आवरला आणि ती ओरडली, "थांबतेस काय पोरी? वाट तुझी आहे. पळ!"

अंगमो पळाली. डोल्करही जीव तोडून पळाली, पण हातभर मागे राहिली.

सगळं गाव हिरमुसलं. तिचे म्हातारे काका तर चिडलेच. "अगं, ती आपण होऊन थांबत होती! तू काय हिसकावून घेत होतीस?"

डोल्करचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "ती माझ्या नावाला थांबली, काका. नावावरच जिंकायचं असतं, तर मी घरी चुलीपाशी बसून जिंकले असते. मी पायांनी जिंकत आले."

काकांनी खाली वाकून स्वतःच्या हातांनी तिच्या बुटांची पाती सोडली.

पुढे त्या गावात कोणी पाहुणा आला, की लोक छाती फुगवून म्हणायचे, "बसा, आमची डोल्कर कशी हरली ते ऐका!"

तात्पर्य: मोठ्या नावाला लोक आपण होऊन वाट सोडतात; ती आपली नसेल तर न घेण्यातच मोठेपणा आहे.