करवंदांना फडकं

“तिसऱ्यांदा सांडलं, बुवा. आता हिचं काय करायचं?”

विचारत होता विश्वंभर. मान खाली घालून उभी होती कावेरी. लुगडं गुडघ्यावर भिजलेलं.

डोंगरावरच्या त्या मठाची एक रीत होती. जपाला बसायचं ते तळहातावर काठोकाठ भरलेलं फुलपात्र घेऊन. वर्षात तीनदा पाणी सांडलं की गाठोडं बांधायचं आणि आपलं गाव गाठायचं. सहा वर्षांत विश्वंभरचा थेंब सांडला नव्हता. कावेरीचं मात्र पान हललं तरी मन तिकडे धावायचं आणि मनामागून हात.

सांडल्या सांडल्या ती गाठोडं बांधूनही आली होती. जायचं नव्हतं तिला. पण कुणी सांगायच्या आत आपणच बांधलेलं बरं.

“आज कशानं सांडलं?” मठाच्या आप्पाबुवांनी विचारलं.

“खार पळाली, बुवा.”

“आणि परवा?”

“परवा... काहीच नव्हतं. काहीतरी असेल असं वाटलं.”

बुवा गालात हसले. “बघू मग. आधी नैवेद्याला करवंदं आणा. दोघंही जा.”

विश्वंभर पहिल्याच जाळीपाशी बसला. वरची काळीभोर संपली, तसा काट्यांत हात घालून आतली एकेक शोधत राहिला. हातातलं अर्धवट सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं.

कावेरी मूठभर तोडायची, तोवर पलीकडची जाळी खुणावायची. तिथं पोचते न पोचते तोच बुलबुल भुर्रकन उडायचा, की ही दचकून त्याच्या मागं. बुलबुल उतरणार कुठं? पिकल्या करवंदांवरच. हिंडता हिंडता गाठोडं बांधलंय हेही ती विसरली.

परतली तेव्हा टोपलं शिगोशीग, ओटीही भरलेली, ओठ जांभळे.

विश्वंभरच्या टोपल्याचा तळ दिसत होता. हातभर ओरखडे.

“एवढी कुठं सापडली गं?”

“काय माहीत, दादा. एका जागी थांबलेच नाही.”

विश्वंभर बुवांकडे वळला. “करवंदांचं ठीक आहे. पण हे असलं मन आलं कुठून हिच्यात?”

“कुठून...” बुवांनी एक करवंद तोंडात टाकलं. “या डोंगरात शेत नव्हतं, मठ नव्हता, तेव्हाही बाया होत्या. त्यातली एक अशीच. पान हललं की पळायची. शंभरदा उगाच पळाली. एकदा वाघ होता.”

“...मग?” विश्वंभरनं विचारलं.

“मग काय. ती वाचली, म्हणून तिला पुढं लेकरं झाली.”

कावेरीला हसू फुटलं. विश्वंभर हातावरचे ओरखडे चोळू लागला. म्हणाला, “मग मी सहा वर्षं बसायला शिकलो, ते?”

“बस की. एवढ्यांचे देठ कोण काढणार? हिला जमायचं नाही ते.”

आता विश्वंभरही हसला. देठ काढायला बसलाच तो.

कावेरी घुटमळली. “आणि मी, बुवा? ...निघू?”

बुवांनी तिची ओटी पाहिली. करवंदं घरंगळून अंगणात पसरत होती.

“गाठोडं सोड. फडकं आण इकडं. टोपल्यात मावत नाहीत ही.”