केरबानं फोटो धुऊन आणला

खडकेवाडीत केरबा धुमाळ नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती? एकदा बायकोनं सांगितलं, "जरा म्हशीवर लक्ष ठेवा." केरबानं ठेवलं. म्हैस दावं तोडून शेजाऱ्याच्या मक्यात शिरली, पोटभर जेवली आणि परत येऊन रवंथ करत बसली. केरबाचं लक्ष एकदाही हललं नाही.

तसा माणूस कामसू. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. सगळी गोची तिथंच होती.

केरबाची धाकटी बहीण मंदा सोलापूरला दिलेली होती. तिला मुलगी झाली. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून बजावलं होतं, त्यामुळं बाळंतपण तिकडंच झालं. बाळाचे फोटो तेवढे केरबाच्या बायकोच्या, हौसाच्या फोनवर येऊन पडले. पडले म्हणजे रोज पडायला लागले. झोपलेलं बाळ, जागं बाळ, जांभई देणारं बाळ.

केरबाच्या आईला, भागीरथीबाईला, त्याचा काही उपयोग नव्हता. म्हातारीची नजर अधू. फोन डोळ्यांजवळ नेला की काच चमकायची, आणि नातीच्या गालावरून हात फिरवायला गेली की नात सरकायची. तिच्या जागी कुणीतरी पाठवलेलं शुभ सकाळचं फूल यायचं.

"हे कसलं बाळ?" म्हातारी म्हणायची. "हात लावला की पळतंय!"

शेवटी एक दिवस तिनं केरबाला हाक मारली. "केरबा, पूर्वी बरं होतं बघ. फोटो हातात घेता यायचा, उशाखाली ठेवता यायचा. ह्या फोनमधल्या पोरीला मी धरू कुठं? जा, तेवढा फोटो धुऊन आण."

म्हातारी रीळ धुवायच्या काळातली. धुऊन आण म्हणजे कागदावर काढून आण, असं तिला म्हणायचं होतं. केरबाला एवढंच कळलं, की धुवायचं आहे.

तो फोन घेऊन ओढ्यावर गेला. दगडावर बसून त्यानं बाळाचा फोटो उघडला, साबण लावला आणि घासणीनं घासला. फोन एकदा चमकला आणि मिटला. केरबानं तो उलटा करून पाठही घासली, मग धोतराला पुसून घरी आणला.

"धुतला," तो म्हणाला. "पण फोटो कच्च्या रंगाचा होता. सगळा गेला."

हौसानं कपाळावर हात मारला. फोन हिसकावून घेतला आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरला.

"अगं, हे काय करतेस?"

"ओलं झालंय, म्हणून तांदळात ठेवलं. तांदूळ पाणी ओढून घेतो. एवढं तरी ध्यानात ठेवा."

"ओलं झालं की तांदळात," केरबा म्हणाला. "आता पक्कं ध्यानात ठेवलं."

नशिबानं फोन तांदळातून जिवंत निघाला. हौसानं केरबाला या खेपेला फोड करून सांगितलं, की तालुक्याला रत्नाकरचा फोटो स्टुडिओ आहे, तिथं जायचं, फोन दाखवायचा आणि फोटो कागदावर काढून मागायचा.

रत्नाकर फोटोवाला ऐकून चकित झाला. "कागदावर? अहो, कागदावर आता कोण काढतं? लोक फोनमध्ये ढिगानं साठवतात आणि परत उघडून बघत नाहीत. माझं मशीनसुद्धा रुसून बसलंय."

पण माणूस हौशी होता. मशीनवरची धूळ झटकून त्यानं फोटो काढून दिला. सुरेख आला होता. गुबगुबीत गाल, मुठी आवळलेल्या.

"जपून हं," रत्नाकर म्हणाला. "शाई अजून ओली आहे."

ओली म्हटल्याबरोबर केरबा सावध झाला. तसाच उठून तो शेजारच्या किराणा दुकानात गेला. तिथं तांदळाचं पोतं तोंड उघडून बसलं होतं. केरबानं फोटो त्यात दंडापर्यंत हात घालून पुरला आणि दुकानदार ओरडत बाहेर येईपर्यंत शांतपणे उभा राहिला.

घरी आल्यावर म्हातारीनं फोटो हातात घेतला आणि बोट फिरवलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं बाई! पोरीला देवी आल्या!"

"देवी नाहीत, आई," केरबा म्हणाला. "इंद्रायणी आहे. मऊ शिजतो."

म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. हौसानं दात ओठ खाल्ले.

"अहो, तांदूळ फोनला! फोटोला नाही! फोटो नुसता वाऱ्यावर धरायचा असतो. आपला आपण वाळतो."

"फोटो वाऱ्यावर धरायचा. आता पक्कं ध्यानात ठेवलं."

केरबा पुन्हा तालुक्याला गेला. रत्नाकरनं दुसरा फोटो काढला आणि या वेळी पंख्याखाली वाळवून कोरडा ठणठणीत करून दिला. पण केरबाला आता कुणी फसवू शकत नव्हतं. एस्टीत त्यानं खिडकीची जागा धरली, फोटो दोन बोटांत पकडला आणि हात बाहेर काढला. गाडीनं वेग घेतला. वारा चांगला होता.

घरी पोचल्यावर हौसानं विचारलं, "कुठं आहे फोटो?"

"उडाला."

"उडाला? मग घाबरू नका. फोनमधला फोटो उडाला तरी परत आणता येतो. कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडलेला असतो."

"डब्यात नाही गेला," केरबा म्हणाला. "जाधवाच्या उसात गेला."

आता मात्र म्हातारी चिडली. "अरे, पुढच्या खेपेला असा आण, की वादळ आलं तरी जागचा हलणार नाही! आणि मोठा आण, माझ्या डोळ्यांना दिसेल असा!"

"वादळात न हलणारा, मोठा. आता पक्कं ध्यानात ठेवलं."

रत्नाकरनं हे ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अहो, मग सरळ फ्लेक्स म्हणा की! माझं घर त्याच्यावरच चालतं. लोक कागदावर फोटो काढत नाहीत, पण चौकात सगळ्यांना झळकायचं असतं. बरं, शुभेच्छुक कोण कोण घालायचे?"

"म्हणजे?"

"खाली कुणाकुणाचे फोटो?"

केरबानं फोन पुढं केला. "ह्यात आहेत तेवढे सगळे घाला."

संध्याकाळी ट्रॅक्टरमधून फ्लेक्स दारात उतरला. बांबूच्या चौकटीत ताणून बसवलेला, चारी कोपरे तारेनं आवळलेले. मधोमध बाळ, हत्तीएवढं. वर लाल अक्षरांत: वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा, युवकांचे आशास्थान. खाली शुभेच्छुकांची रांग होती. हौसा, म्हातारी, विकायला काढलेली म्हैस, तिचं रेडकू, बोअरची मोटार आणि जळालेला विजेचा मीटर.

फ्लेक्स दारातून आत जाईना. म्हातारी बाहेर आली आणि सवयीनं अगदी जवळ जाऊन डोळे बारीक करून उभी राहिली.

"केरबा, हा कसला डोंगर दिसतोय रे?"

"नाक आहे, आई."

"आणि ही गुहा?"

"तेही नाकच."

म्हातारी घरात गेली आणि पिशवीत लुगडी कोंबायला लागली. "तुमच्या फोटोच्या नादात पोर लग्नाला येईल. मीच जाऊन बाळ बघून येते." सोमवारच्या सकाळच्या एस्टीनं ती सोलापूरला निघून गेली. फ्लेक्स गोठ्यावर चढला. पाऊस लागायचा थांबला, म्हशीची सोय झाली.

हौसानं मात्र केरबाला पुढ्यात बसवून घेतलं.

"बाळाचा वाढदिवस आहे का आत्ता? मग शुभेच्छा कसल्या? आणि खाली ती जत्रा कशाला? फोटो कसा असावा? एकट्या माणसाचा असावा. शांत असावा. वर शुभेच्छा नकोत, खाली गर्दी नको. चार फुलं असली तर असली."

"एकटं माणूस, शांत, चार फुलं. आता पक्कं ध्यानात ठेवलं."

सासू गेल्यावर हौसाला घर सुनं सुनं वाटायला लागलं. सासूला ती आत्याबाई म्हणायची. एक दिवस भिंतीकडे बघता बघता ती म्हणाली, "बघा ना, आत्याबाईंचा घरात एक फोटो नाही. सगळे फोनमध्येच. तेवढा एक करून आणा. त्या परत यायच्या आत लागला पाहिजे."

केरबा लगेच निघाला. वाटेत सगळं मनात घोकत गेला.

"आता कुणाचा?" रत्नाकरनं विचारलं.

"आईचा."

"वाढदिवस आहे?"

"नाही. शुभेच्छा अजिबात नकोत. आई एकटीच. शांत. कडेनं चार फुलं."

रत्नाकरनं हळूच डोक्यावरची टोपी काढली. "अरेरे. म्हातारी गेली?"

"हो. सोमवारी."

"अशी अचानक?"

"अचानकच. म्हणाली, आता मी जातेच. आणि गेली."

"काही त्रास होता का?"

"आमचाच," केरबा म्हणाला.

"शेवटी काही इच्छा बोलून दाखवली?"

"नातीला बघायचं म्हणत होती."

रत्नाकरचे डोळे भरून आले. त्यानं केरबाच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही आता काही बघू नका. मजकूर मी घालतो. आमची माणसं उद्या सकाळी तुमच्या चौकात लावून देतील. तुम्ही घरी जा आणि हौसाताईंना धीर द्या."

केरबाला बरं वाटलं. काम आपसूक होत होतं. घरी येऊन तो हौसाला म्हणाला, "धीर धर."

"कशाचा?"

"फोटो उद्या येतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतल्या बायका एकामागोमाग एक घरात शिरल्या आणि हौसाच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. कुणी चहा आणला, कुणी पिठलं-भाकरी. हौसाला काही कळेना. तिनं चारदा विचारलं, पण रडणाऱ्या बाईला विचारून काय समजणार? बाहेर अंगणात पुरुष खाली मान घालून बसले. केरबाही त्यांच्यात जाऊन मान खाली घालून बसला, कारण सगळे तसेच बसले होते.

तेवढ्यात सोलापूरहून आलेली एस्टी फाट्यावर थांबली. भागीरथीबाई पिशवी घेऊन उतरली. तिच्या हातात एक फोटो होता. साधा, कागदावरचा, हाताच्या पंजात मावणारा. मंदानं तिथल्या दुकानातून काढून दिलेला. सबंध प्रवासात म्हातारीनं तो हातातून सोडला नव्हता. चौकात आपल्याच डोक्यावर काय लटकतंय, ते तिच्या नजरेला दिसलं नाही. मागच्या वाटेनं ती घराजवळ आली, तर आतून रडण्याचा आवाज.

म्हातारीला गलबलून आलं. ती मागच्या दारानं आत शिरली, बायकांच्या घोळक्यात टेकली आणि तिनंही पदर डोळ्यांना लावला. चांगलं मन भरून रडली. मग शेजारच्या गोदाक्काला कोपरानं डिवचून हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

"तुम्हीच की, भागीरथीवहिनी," गोदाक्का हुंदका देत म्हणाली, आणि मग तिनं मान वळवली.

तिची किंकाळी वेशीपर्यंत गेली. घर रिकामं व्हायला वेळ लागला नाही. कुणाच्या चपला राहिल्या, कुणाची पिठल्याची पातेली राहिली.

सगळा उलगडा झाला तेव्हा हौसा रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. म्हातारी रागावेल असं केरबाला वाटलं होतं. पण ती पिठलं-भाकरी खात बसली होती.

"माणसं बरीच आली होती रे," ती म्हणाली. "आणि गोदाक्का अगदी खरं रडत होती. माझ्याशी सहा महिने बोलत नव्हती." नातीचा फोटो तिनं पुन्हा एकदा डोळ्यांशी नेला, गालावरून बोट फिरवलं. नात जागची हलली नाही. मग म्हातारीनं तो उशाखाली सरकवला.

हौसानं केरबाला बाहेर बोलावलं. या वेळी तिनं एकेक शब्द सुटा सुटा केला.

"आत्ताच्या आत्ता रत्नाकरकडे जा. तो फ्लेक्स बदलून घ्या. आपल्या मनचं काही करू नका. वर आत्याबाईंच्या नावाची ओळ आहे, ती तशीच राहू द्या. खाली मंडळींची ओळ आहे, ती तशीच राहू द्या. मधला मजकूर तेवढा काढा, आणि त्या परत आल्या, गावाला आनंद झाला, असं घाला."

"वरची ओळ तशीच. खालची ओळ तशीच. मधला मजकूर आनंदाचा," केरबा म्हणाला. "आता पक्कं ध्यानात ठेवलं."

आणि खरोखरच त्यानं ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा केरबानं एकही शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नाही. म्हातारी परत आली म्हटल्यावर रत्नाकर आत जाऊन देवाला हात जोडून आला आणि त्यानं मशीन चालू केलं.

सकाळी अख्खी खडकेवाडी चौकात जमली होती. कडेनं झेंडूच्या माळा, मधोमध भागीरथीबाई, शांत आणि एकटी. वरपासून खालपर्यंत मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं:

"कैलासवासी श्रीमती भागीरथीबाई गणू धुमाळ
यांचे खडकेवाडीत पुन्हा आगमन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!
शोकाकुल: समस्त धुमाळ परिवार व ग्रामस्थ."