दहा मिनिटांची ओळख

पुष्कळ वर्षे लोटली, तरी पुण्यातील त्या ओसरीवरचे बोलणे इंदुमती सखारामच्या मनात कालच्यासारखे ताजे आहे. मॉरिशसहून ती संस्कृत शिकायला आली होती. वसतिगृहात जागा उरली नव्हती. शिष्यवृत्तीत परवडेल अशी खोली अख्ख्या पेठेत एकच होती, निवृत्त मुख्याध्यापक निफाडकर यांच्या माडीवरची. ती मिळाली नसती, तर शिक्षणावर पाणी सोडून परतणे भाग होते.

निफाडकरांनी चष्म्यावरून पाहत फर्मावले, "परमुलखातल्या माणसाचा भरवसा मी धरीत नाही. शहरातील एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाचे शिफारसपत्र आण, मग बोलू."

"मला येऊन आठवडाच झाला, काका. प्रतिष्ठित म्हणावे असे मी येथे तुम्हांलाच ओळखते. तेव्हा पत्र तुम्हीच द्यावे."

"मी? अगं, दहा मिनिटांच्या ओळखीवर तू भरवशाची आहेस, असे कसे लिहून देऊ?"

"मग दहा मिनिटांच्या ओळखीवर मी भरवशाची नाही, हे कसे ठरवलेत?"

स्वयंपाकघरातून काकूंचे हसू ऐकू आले. निफाडकरांनी दौत पुढे ओढली आणि स्वतःच्याच नावे पत्र लिहिले: 'सदर मुलीस मी ओळखत नाही. ओळख व्हावी, यासाठी खोली देत आहे.'

तीन वर्षांनी निरोप घेताना त्यांनी तोच कागद तिच्या हाती ठेवला. जुन्या ओळींखाली ताज्या शाईने दोनच शब्द लिहिले होते: 'ओळख झाली.'